वस्तऱ्याची पाठ

मराठी भाषेने 'धार' या एका शब्दाकडून जेवढी कामं करून घेतली आहेत तेवढी गावाने एखाद्या बलुतेदाराकडूनही करून घेतली नसतील. म्हशीची धार काढतात आणि कोयत्याला धार लावतात. पिंडीवर अभिषेकाची धार धरतात, आषाढात पावसाची धार लागते, आणि साहेब घरून भांडून आला म्हणजे कारकुनाला धारेवर धरतो. यातली कोणती धार काढायची आणि कोणती लावायची हे ज्याला कळलं तो संसारात सुखी झाला. ज्याने उलटसुलट केलं त्याने म्हशीची लाथही खाल्ली आणि माणसांचीही.

पण माझा विषय म्हैस नाही. माझा विषय वस्तरा, आणि वस्तऱ्याच्या आडून एक जुनाच प्रश्न: माणसाच्या बोलण्याला धार असावी की नसावी? खरं असेल ते सांगावं की गोड असेल ते सांगावं? मनुस्मृतीने या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावून ठेवला आहे म्हणतात. खरं बोलावं, गोड बोलावं, खरं असून कडू असेल तर बोलू नये, आणि गोड असून खोटं असेल तर तेही बोलू नये. हे सगळं पाळायचं म्हटलं तर बोलायला उरतं काय? पाऊसपाणी आणि आंब्याचा भाव. आमच्या पिढीतले पुष्कळ संसार या दोन विषयांवर पन्नास-पन्नास वर्षं सुखाने चाललेले मी पाहिले आहेत.

बाकीच्या जगात दोन प्रकारची माणसं असतात. पहिली म्हणजे स्पष्टवक्ते. "आपण तर बुवा तोंडावर बोलतो, मग कुणाला राग येवो की लोभ" अशी नांदी म्हणून ते सुरू होतात, आणि मग समोरच्याचं वजन, त्याच्या मुलाची टक्केवारी, नव्या घराच्या जिन्याची दिशा आणि कालच्या आमटीतलं मीठ असा सगळा पंचनामा उरकतात. या मंडळींचा स्पष्टपणा स्वतःच्या घराकडे तोंड करून कधी उभा राहत नाही. दुसरी माणसं गोड. घर गळत असेल तर त्यांना ते हवेशीर वाटतं. मुलगा नापास झाला तर त्याला अनुभव मिळाला असं ती म्हणतात. पहिल्या माणसाला आपण भितो आणि दुसऱ्याला जेवायला बोलावतो. दोघांत घातकी कोण, याचा फैसला माझ्यापुरता लागला तो साठी उलटल्यावर, आणि तोही एका वापरलेल्या वस्तऱ्यामुळे.

वस्तरा माझ्या घरी आला तो निवृत्तीच्या पाठोपाठ. आमचं सापगाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर, भातसा नदीच्या काठी. नोकरी मुंबईत. म्हणजे सापगावहून शहापूर, शहापूरहून आसनगाव स्टेशन आणि तिथून लोकल. पहाटे साडेचार वाजता, अर्धवट झोपेत आणि चाळीस वॅटच्या दिव्याखाली जी होते तिला दाढी म्हणत नाहीत, तो दैनंदिन अपघात असतो. आधी एका पात्याने, मग दोन पात्यांनी, मग तीन पात्यांनी, अशी विसाव्या शतकाची सगळी प्रगती माझ्या गालावरून गेली. पात्यांची संख्या वाढत गेली, गालाचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहिलं. शेवटी त्या तीन पात्यांच्या डोक्यांची किंमत आमच्या सौभाग्यवतींच्या नजरेस पडली. त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्यात दोन महिन्यांचे कांदे येतील." गाल आणि कांदा यांची अशी तुलना त्यापूर्वी कुणी केली नसावी.

पातं वापरून फेकून द्यायचं, ही कल्पना किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याची. १९०३ साली त्याचा माल बाजारात आला तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने हे रेझर आपल्या सैनिकांना दिले, आणि शिपाई घरी परतले ते ही सवय गालावर घेऊनच. तोपर्यंत पुरुष जातीचा धार टिकवण्याशी काहीतरी संबंध होता. त्यानंतर धार गेली की पातं टाकायचं, एवढंच उरलं. पुढे जुने मित्र, जुनी छत्री आणि म्हातारी माणसं यांनाही आपण तोच न्याय लावला, पण त्यात बिचाऱ्या जिलेटचा काही दोष नाही.

तर एका शुक्रवारी मी चोरबाजारात गेलो. मटण स्ट्रीट नावाच्या त्या रस्त्यावर मटण सोडून सगळं मिळतं. तिथे एका फाटक्या ताडपत्रीवर, दोन मुके टेलिफोन आणि एक बिनकाट्याचं घड्याळ यांच्या मध्ये हा वस्तरा पडला होता. शिंगाची मूठ, पात्यावर गंजाचे ठिपके, आणि मुठीजवळ अर्धवट पुसलेली 'शेफिल्ड' ही अक्षरं. विक्रेत्याने आठशे सांगितले, मी तीनशे म्हणालो, आणि पन्नास रुपये जास्त देऊन मी त्याच्यावर आणि त्याने माझ्यावर उपकार केले.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी तो चिमटीत धरून पाहिला. "हा कुणातरी मेलेल्या माणसाचा असणार."

"शेफिल्डचा आहे. म्हणजे मालक मेलेला असणारच," मी म्हणालो.

"मग गळ्याला लावायच्या आधी विम्याचे कागद कुठे आहेत तेवढं सांगून ठेवा."

वस्तरा ओळखणारा माणूस आमच्या गावात एकच, तो म्हणजे आबा. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे वडील गावचे न्हावी. वर्षभर गावाच्या दाढ्या करायच्या आणि सुगीत खळ्यावर जाऊन बलुत्याचं भात घ्यायचं, अशी त्यांची नोकरी. आबांनी धोकटी काखेला मारून दारोदार तेच काम रोख पैशांवर केलं. मुलाने शहापुरात दुकान टाकलं, तिथे फिरती खुर्ची आणि समोरासमोर आरसे आहेत. एड्सची भीती पसरली तेव्हा सगळीकडच्या न्हाव्यांनी जुने वस्तरे बाजूला ठेवले आणि दर गिऱ्हाइकाला नवी अर्धी पात बसवायचे वस्तरे घेतले. आबांनीही घेतले. "गिऱ्हाइकाच्या जिवापुढं आपला हट कशाला," असं म्हणून त्यांनी आपला जुना वस्तरा तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि धोकटीच्या तळाशी ठेवला. तो टाकला मात्र नाही.

आबांनी माझा वस्तरा उघडला, उजेडाकडे तिरका धरला, नखावरून अलगद फिरवला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, लोखंड लय चांगलं हाय. मालक वाईट व्हता."

"कशावरून?"

"पाठ बघा ना. झिजलीच नाय."

इथे मला जे कळलं ते वाचकांना जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. घरातली सुरी आपण दगडावर तिरपी उचलून धरतो. किती उचलायची ते आपल्या हातावर. धार घासली जाते आणि सुरीची पाठ हवेत राहते. वस्तऱ्याचं तसं नाही. वस्तरा दगडावर आडवा निजवायचा. त्याची जाड पाठ आणि पातळ धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकली पाहिजेत. सोळा-सतरा अंशांचा जो कोन धारेला लागतो तो माणसाच्या हातात नसतोच, पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने तो आधीच ठरवून दिलेला असतो. धार झिजते, तशी त्या प्रमाणात पाठही झिजते, आणि म्हणूनच पन्नास वर्षं घासला तरी वस्तरा वस्तराच राहतो. माझ्या वस्तऱ्याच्या मालकाने पाठ उचलून धार काढली होती. पाठ अगदी नवी कोरी आणि धार जाडीभरडी. शेफिल्डच्या पोलादाचा त्याने विळा केला होता.

"पाठ राखून धार लावली की आसं व्हतं," आबा म्हणाले आणि कामाला लागले.

त्यांनी शिकवलं ते असं. आधी दगड. दगड वापरून मध्ये खोलगट होतो, म्हणून दुसऱ्या दगडावर घासून तो सपाट करायचा. धार लावणाराच वाकडा असेल तर धार सरळ कशी येणार, हे शिक्षणखात्यालाही सांगण्यासारखं आहे. मग दगडावर पाणी, आणि पातं निजवून धारेच्या बाजूने पुढे ढकलायचं. जोर नाही. आपण 'धार लावतो' म्हणतो, पण लावत काहीच नाही, नको ते लोखंड काढून टाकतो. त्यानंतर चामड्याचा पट्टा. इथे सगळं उलटं. पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला आलं की पातं पाठीवर वळवायचं, धारेवर कधीच नाही. धारेवर वळणारा एका फटक्यात पट्टाही कापतो आणि धारही मारतो. पट्ट्यावर रोज साठ वेळा जाणं-येणं. पहिला महिनाभर वस्तरा गालाला लावायची बंदी. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा, आणि फुगा न फोडता तो फेस काढायचा. साठी उलटलेला गृहस्थ रोज सकाळी ओट्यावर बसून फुग्याची दाढी करतो, हे पाहायला आळीतली पोरं शाळा बुडवून येत.

पावसाळ्यात आणखी एक धडा मिळाला. आमच्याकडे आषाढ-श्रावणात मिठाला पाणी सुटतं आणि दाराच्या कड्या गंजतात. वस्तऱ्याचं पोलाद त्याहून हळवं. दाढी झाली की पुसून कोरडा करून खोबरेल तेलाचा हात फिरवला नाही, तर दुसऱ्या दिवशी धारेवर तांबूस कोंब फुटलेला असतो. पाण्याची मात्र आमच्याकडे चैन. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास भातसाचं असतं. म्हणजे मुंबईतल्या निम्म्या दाढ्या आमच्या नदीवर होतात, आणि त्याबद्दल कुणी आमच्याकडे बघून मानही हलवत नाही.

महिन्याने गाल. कोमट पाणी, भरपूर फेस, डाव्या हाताने कातडी ताणलेली, आणि पातं गालाशी तीसेक अंशांवर. आत्मज्ञानाची वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी अवघड आहे, असं कठोपनिषद सांगतं. सॉमरसेट मॉम या इंग्रजी कादंबरीकाराने १९४४ साली तिथूनच आपल्या कादंबरीचं नाव उचललं. बेंबीपर्यंत दाढ्या राखणाऱ्या ऋषींना वस्तऱ्याची एवढी माहिती कशी, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता वाटतं, ज्यांनी एकदा करून पाहिली त्यांनीच पुढे दाढ्या राखल्या असतील.

पण खरी गोष्ट कळली ती वेगळीच. लागतो तो बोथट वस्तरा. धारदार वस्तरा लागत नाही. धार नसली की माणूस जोर लावतो, आणि कापतो तो जोर. स्पष्टवक्त्यांचं हेच होत असावं. त्यांच्या बोलण्याला फार धार असते असा आपला उगाच समज आहे. धार नसते, म्हणून ते जोर लावतात. त्यांची पाठ कोरी असते, कारण बोलताना त्यांचं स्वतःचं काही झिजत नाही. समोरच्याची बिनपाण्याने होते आणि हे हात पुसून मोकळे.

आता गोड माणसांकडे वळू. मराठीत 'केसाने गळा कापणे' असा एक भयंकर वाक्प्रचार आहे. लहानपणी मला तो अतिशयोक्तीचा वाटे. केसाने कधी काही कापलं जातं का? पण २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी रोजच्या दाढीने पातं खराब होतं ते कसं, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यातल्या एकाने स्वतःचीच दाढी करून पाती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तेव्हा दिसलं की धार नुसती झिजत नाही, तिचे टवके उडतात. ताठ उभा राहणारा केस तेवढा त्रास देत नाही. जो वाकतो, बाजूला झुकतो, तो धारेच्या कडेला जिथे पोलाद आधीच विषम असेल नेमका तिथे टवका उडवतो. म्हणजे वाकणारी, मऊ वस्तू कठीण वस्तूचा घात करू शकते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं. आमच्या आजीला ते प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

मलाही त्याचा पुरावा गावातच मिळाला. आबांचा हात हलू लागला होता. दगडावर किंवा पट्ट्यावर नाही, तिथे तो अजून लंबकासारखा जाई. पण कुणाच्या गळ्याशी पात नेली की अंगठ्यातून एक बारीक थरथर उठे. गावात आबांची आठ-दहा जुनी गिऱ्हाइकं उरली होती, सगळी सत्तरीच्या पुढची. दर रविवारी आबा त्यांच्या ओट्यावर जात, ती मान वर करून डोळे मिटत. पूर्वी सुखाने मिटत, आता भीतीने. एकाच्या कानाखाली ओरखडा उठला, तो म्हणाला मांजराने बोचकारलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच्या हनुवटीवर उठला, तिथेही मांजरच. त्या महिन्यात सापगावातल्या मांजरांची नाहक बदनामी झाली.

आबांना मात्र कुणी काही सांगेना. "म्हाताऱ्याला वाईट वाटेल," असं प्रत्येक जण म्हणे. मग ज्याने त्याने आपला मार्ग काढला. एकाने दाढी वाढवली आणि नवसाची आहे म्हणून सांगितलं. एक जण दर रविवारी लेकीकडे जाऊ लागला. एक जण शहापुरात आबांच्याच मुलाच्या दुकानात चोरून जाऊन येई आणि येताना तोंडाला मफलर गुंडाळी, ऐन एप्रिलात. आबा रविवारी धोकटी घेऊन निघत आणि चार दारांत "आज राहू द्या आबा" हे गोड वाक्य ऐकून परत येत. एकही माणूस त्यांच्याशी वाईट बोलला नाही. आणि एके दिवशी आबांनी मला विचारलं, "भाऊ, माज्याबद्दल कोन काय बोललं का गावात? माजं काय चुकलं?"

साठ वर्षं ज्या माणसाच्या हातात अख्ख्या गावाने गळा दिला, त्याला गावाने अशा प्रश्नापर्यंत आणलं होतं, आणि तेही त्याला वाईट वाटू नये म्हणून. केसाने गळा कापणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं.

दुसरा मार्गही तयार होता. चहाच्या टपरीवरचा एक स्पष्टवक्ता म्हणाला, "त्यात काय, मी सांगतो. बस कर म्हातारबा, कुणाचा तरी जीव घेशील." त्याला मी कसाबसा आवरला. वाक्य खरं होतं. पण त्या खरेपणासाठी त्याच्या खिशातली चवली-पावलीही खर्च होणार नव्हती.

अशा वेळी मला वस्तऱ्याशी संबंध असलेल्या दोन गोष्टी आठवल्या. पहिली उपालीची. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजकुमार बुद्धाकडे प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा तोही आला. राजकुमारांनी बुद्धाला विनंती केली, आम्ही शाक्य फार गर्विष्ठ आहोत, आधी याला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याच्या पाया पडावं लागेल. आपला गर्व वाईट हे कळणारे पुष्कळ असतात, पण त्यासाठी स्वतःची पाठ वाकवायला निघालेले थोडेच. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत भिक्षूंच्या शिस्तीचे नियम, म्हणजे विनय, सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. ज्याच्या हाती वस्तरा सुरक्षित, त्याच्या हाती नियमही सुरक्षित, असा हिशेब असावा.

दुसरी गोष्ट आमच्या ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांची. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, त्यांच्या खटपटीमुळे. आपण तो रविवार लगोलग न्हाव्याला देऊन टाकला, ही गोष्ट वेगळी. त्याच १८९० साली लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असा निश्चय त्यांनी केला. केशवपन वाईट असं व्याख्यानांतून सांगणारे विद्वान तेव्हाही होते. त्यांना व्याख्यानानंतर चहा मिळत असेल. न्हाव्यांनी नकार दिला तेव्हा त्यांची मिळकत बुडणार होती आणि मोठ्या घरांचा रोष ओढवणार होता. सत्य एकच, पण विद्वानांनी ते पाठ उचलून सांगितलं होतं, न्हाव्यांनी पाठ दगडावर टेकवून. समाजाच्या अंगावर ते चाललं याचं कारण हेच असावं.

म्हणजे खरं की गोड, हा प्रश्नच मुळी चुकीचा मांडलेला आहे. खरं सांगताना सांगणाऱ्याचं काय झिजतं, एवढाच प्रश्न. काहीच झिजत नसेल तर तो विळा. थोडं तरी झिजत असेल तर ते बोलणं चेहऱ्यावरून फिरवायला हरकत नाही.

हे तत्त्वज्ञान सोपं, पण आबांना सांगायचं माझ्या वाट्याला आलं. मी विचार केला, आबांनी थांबावं असं मी सांगितलं तर त्यांचं साठ वर्षांचं काम जाणार. माझं काय जाणार? निवृत्त माणसाकडे जाण्यासारखं दोनच गोष्टी असतात, सवडीचा वेळ आणि फुकटचा मोठेपणा. दोन्ही टेकवायचं ठरवलं.

एका संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "आबा, तुमचा हात हलतो. दगडावर हलत नाही, गळ्याशी नेला की हलतो. लोक टाळतात ते तेवढ्यासाठी. तुमच्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही, तुमचं काही चुकलेलं नाही." आबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर स्वस्थ पडला होता. मी पुढे म्हणालो, "तुमच्याकडून शिकलो ते वाया घालवायचं नाही. दर रविवारी तुमची दाढी मी करणार. याच ओट्यावर. तुम्ही बसायचं, मी उभा राहणार. आणि त्या बाकीच्या म्हाताऱ्यांना इथे बोलावून घेऊ, मांजरांच्या गोष्टी तुमच्यासमोर सांगायला."

आबा काही बोलले नाहीत. उठले, धोकटी काखेला मारली आणि निघून गेले. त्या रविवारी आले नाहीत. पुढच्याही रविवारी नाहीत. सौभाग्यवती चहाचा कप समोर ठेवून नुसत्या बघत. बायकोचं असं बघणं म्हणजे पट्ट्यावर साठ वेळा ओढलेली धार असते.

तिसऱ्या रविवारी सकाळी आबा आले आणि ओट्यावर बसले. धोकटीच्या तळातून त्यांनी तेलकट फडकं काढलं, फडक्यातून आपला जुना वस्तरा काढला, पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला आणि सावकाश साठ हात मारले. हात अजिबात हलला नाही. मग वस्तरा माझ्याकडे देत म्हणाले, "पानी गरम हाय का?" एवढंच. राग गेला की नाही ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी हा कार्यक्रम चालतो. कोपऱ्यावर तीन-चार म्हातारे बसतात, त्यांचे विळे-कोयते आबा दगडावर लावून देतात. नवसाची दाढी उतरली आहे, मफलर कपाटात गेला आहे. आबांच्या तोंडाला मात्र खळ नाही. "कातडी तानून धरा, भाऊ. जोर कशाला लावता, भात झोडताय का? आता उलट्या हातानं. उलट्या म्हंजे उलट्या. फुगा बरा व्हता तुमच्यापरीस." वस्तरा त्यांच्या गळ्याच्या घाटीवर असतो, माझ्या हातात असतो, आणि तरी ते माझ्या हातातला प्रत्येक दोष मोजून सांगत असतात. गळा दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला खरं सुनावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. टपरीवरच्या त्या स्पष्टवक्त्याला मी म्हटलं आहे, एखाद्या रविवारी येऊन इथे बस, मान वर कर, आणि मग काय बोलायचं ते बोल. अजून तो आलेला नाही.